चार मिलिमीटर

या खिडकीला मी चौथ्यांदा काच बसवतोय.
माप पाठ आहे. नव्वद बाय एकशे बारा,
डावा कोपरा जरासा तिरका,
कारण ही इमारतच समुद्राकडे कललीय,
बेरूतमधल्या पुष्कळ म्हाताऱ्यांसारखी.

"मादाम वदाद," मी गल्लीतूनच ओरडलो होतो,
"या खेपेला प्लास्टिक लावू.
सगळे तेच लावतायत. स्वस्त पडेल,
आणि फुटायचा प्रश्न नाही."
तिसऱ्या मजल्यावरून दोरीची टोपली उतरली.
आत रबर लावलेलं नोटांचं पुडकं
आणि भूगोलाच्या वहीतून फाडलेला कागद:
काच. चार मिलिमीटर. वर या, कॉफी ठेवतेय.

वीज नव्हती, म्हणजे लिफ्ट नव्हती.
काच कडेनं धरून जिना चढलो,
प्रत्येक वळणावर थांबत.
दमलो म्हणून नव्हे.
वर आभाळात ती घरघर होती,
सकाळपासून, मिक्सर बंद करायला कुणी विसरल्यासारखी.

लोक म्हणतात, जीव मुठीत धरून दिवस काढतोय.
आमच्या धंद्यात तशी सोय नाही.
काच उचलायची तर मूठ उघडावी लागते.
जीव मग ठेवायचा कुठंतरी,
खिशात, पुट्टीच्या डब्याशेजारी.

"प्लास्टिक होतं की गेल्या हिवाळ्यात," ती म्हणाली,
"रात्रभर फडफडायचं.
दर वेळी वाटायचं, कुणीतरी आलंय.
काच फुटेल तेव्हा मी एकदाच घाबरेन, नुबार.
ते प्लास्टिक मला रोज घाबरवायचं."
तिचं अंथरूण पॅसेजमध्ये होतं,
दोन भिंतींच्या मध्ये,
उशाशी बॅटरी, चष्मा आणि उघडलेला नकाशा.
कुठला ते विचारलं नाही.

एका बाजूनं दोन सूत काच जास्त होती.
जेवणाच्या टेबलावर चादर घातली, पट्टी ठेवली,
हिऱ्याची कलम टेकवली.
मार्दिरोस मामानं शिकवलेलं:
रेघ एकदाच ओढायची.
मध्ये थांबायचं नाही. पुन्हा गिरवायची नाही.
काचेला कळतं.

मी मध्यावर असताना
दक्षिणेकडे काहीतरी कोसळलं.
आधी टेबलाला कळलं, मग कानांना.

हात पुढे गेला.
मी नाही गेलो. मी तिथंच राहिलो,
अर्ध्या रेघेवर, भिजलेल्या मांजरासारखा,
आणि हात शेवटपर्यंत जाऊन
माझी वाट बघत उभा राहिला.

टक्‌ करून पट्टी सुटली. सरळ.
याला शौर्य म्हणू नका. तीस वर्षांची सवय आहे.
पण खरं सांगू? त्या क्षणी
मला माझ्या हाताचा आदर वाटला,
कुणा वडीलधाऱ्याचा वाटावा तसा.

मादाम वदाद दारात उभी होती.
निम्मी कॉफी बशीत सांडली होती.
तिनं बशी वाकडी करून ती परत कपात ओतली
आणि कप माझ्यापुढे ठेवला.
मी प्यालो. वेलची जास्त होती.

पुट्टी भरली. अंगठ्यानं चारी कडा दाबल्या.
"ही वाळायला तीन आठवडे लागतात," मी म्हणालो,
"तोवर बोट लावायचं नाही.
आणि रात्री खिडकी चार बोटं उघडी ठेवा,
धक्का आला तर हवेला वाट हवी."
"म्हणजे एवढे पैसे मोजून थंडी घरात घ्यायची?"
"हो."
"बरं," ती म्हणाली,
आणि औषधांच्या दुकानाच्या कॅलेंडरवर
तीन आठवडे मोजत गेली, बोटानं, ओठ हलवत,
पान उलटून पुढच्या महिन्यात शिरली
आणि तिथं एका मंगळवारी लिहिलं:
पुट्टी वाळली.

तीन आठवडे!
आम्ही तर हल्ली पावसुद्धा
उद्याचा आज घेत नाही.

आमच्या घरी अजून प्लास्टिकच आहे.
काचवाल्याच्या घरी.
आठ महिन्यांत अर्पीनं एकदाही विषय काढला नाही.
आज रात्री मेणबत्ती धरून
मी स्वयंपाकघरातल्या खिडकीचं माप घेतलं,
सिगारेटच्या पाकिटावर लिहिलं.
ती भांडी विसळत होती. वळून न बघता म्हणाली,
"नीट घे.
मागच्या वेळी अर्धा सेंटिमीटर कमी पडला होता."